बदामाचा शेवटचा ताण

तुम्ही गेलात तेव्हा झाडांची मुळं उघडी होती. तेवढं एकच काम अर्धं टाकून गेलात, आणि ते अर्धं नेमकं कुठवर आलं होतं हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

बाकी सगळं नीट होतं. बाजरीचं सरमाड रचलेलं होतं, मोटेची फाटलेली सोंड शिवून आणलेली होती, बैलांना पत्र्या मारलेल्या होत्या. जाणारं माणूस घर आवरून जातं, असं बायका तेराव्याला एकमेकींना सांगत होत्या. मी म्हटलं, आवरून जायचं होतं तर मुळं झाकून जायचं. त्यावर त्या उठून पत्रावळी गोळा करायला लागल्या. मी रडत नाही म्हणून त्यांना आधीच माझी जरा भीती वाटत होती.

तुम्हाला लिहायची मला जुनी सवय आहे. तुम्ही पलटणीबरोबर क्वेट्ट्याला होतात तेव्हा मी लिहायची, कारण बाप शाळामास्तर असल्यामुळे घरात लिहिता येणारी मीच होते. तेव्हा उत्तर यायचं, दुसऱ्याच्या अक्षरात का होईना. त्यातच पहिल्यांदा बदामाचं झाड आलं. तिकडं थंडी सरता सरता झाडावर एक पान नसतं आणि सगळं झाड फुलांनी भरून जातं, असं तुम्ही लिहवून घेतलं होतंत. मला त्याचं काही वाटलं नाही. मी उलट विचारलं होतं, की बदाम किती लागतात आणि वाणी काय भावानं घेतो. तुम्ही त्याचं उत्तर कधी दिलं नाहीत. आपल्या दोघांची गाडी तिथूनच दोन बाजूंना ओढायला लागली, असं आता वाटतं.

पलटण सुटल्यावर काही वर्षांनी तुमच्या ओळखीच्या एका पठाणानं रोपं पाठवली. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या, दुसरं काही नाही. नीरा स्टेशनावरून तुम्ही त्या बैलगाडीनं भोंगवलीला आणल्यात, आणि वाटेत कोणी विचारलं की गाडी थांबवून सांगत आलात. देवळापुढं असतो तो मोठ्या पानांचा देशी बदाम नव्हे. खरा, वाण्याकडे पुडीत मिळतो तो. लोक काड्यांकडे बघायचे, तुमच्याकडे बघायचे, आणि रामराम घालून पुढं जायचे.

विहिरीजवळच्या काळ्या रानात लावायचं तुम्ही ठरवलंत. ते मला तेव्हाच पटलं नव्हतं.

"त्या रानात पावसाळाभर पाणी साचतं," मी म्हटलं. "वरच्या मुरमाड तुकड्यात लावा."

"आन् उनाळ्यात वर पाणी कोन वाहनार? तुजा बा?"

"माझा बाप शाळा सोडून येईल. तुमच्या बदामासाठी आणखी कोण येणार?"

तुम्ही खो खो हसलात आणि विहिरीजवळच लावलीत. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूनं लिहायला पाहिजे. बाईमाणसाला काय कळतं, हे वाक्य तुम्ही मला उभ्या जन्मात ऐकवलं नाहीत. माझं ऐकायचा नाहीत, पण माझ्याशी भांडायचात ते बरोबरीच्या माणसाशी भांडावं तसं. गावात किती बायकांना एवढं मिळालं, ते मी मोजायला बसले तर फार वेळ लागणार नाही.

झाडं वाढली. पानं आली, बारीक, कडेला दातेरी, हिरवीगार. शेळ्यांना आवडायची. फूल मात्र येईना. एक वर्ष, दुसरं, तिसरं. तुमचे धाकटे भाऊ, दौलतभाऊजी, दर वर्षी म्हणायचे की दादा, हे रान मोकळं कर, घेवडा पेरू. तुम्ही त्यांना दर वर्षी औंदा फुलंल, औंदा फुलंल म्हणत राहिलात. मग कोणीतरी तुम्हाला सासवडकडच्या अंजीरवाल्यांचं सांगितलं. ते झाडाला ताण देतात. पाणी तोडायचं, बुंध्याभोवतालची माती उकरून मुळं उघडी टाकायची, पानं सुकून गळू द्यायची, आणि झाड मरायच्या बेताला आलं की माती, खत, पाणी. मग ते घाबरून फुलतं. तुम्ही तिकडं जाऊन चार दिवस राहून बघून आलात आणि जेवायला बसल्या बसल्या मला सांगितलंत.

"त्येला थंडी पायजे. आपल्याकडं तेवडी थंडी न्हाई. मग काय करायचं? त्येला आजारी पाडायचं. आजारातनं उठलं की त्येला वाटंल, हिवाळा सरला."

"आणि नाही उठलं तर?"

"तू ना, कायम मेल्याचं बोलतीस."

तेव्हापासून दर मार्गशीर्षात कुदळ घेऊन तुम्ही झाडांची मुळं उघडी करायचात, आणि तिथून पुढं पौष संपेपर्यंत आपलं भांडण चालायचं. कारण तुम्हाला ताण देता येत नव्हता. उकरायचात झोकात. पण पानं माना टाकायला लागली की तुमचा जीव वरखाली व्हायचा. संध्याकाळी घागर घेऊन निघालात की मी विचारायची, कुठं? "हात धुऊन येतो." हात धुवायला घागर! दुसऱ्या दिवशी जाऊन बघितलं तर खड्ड्यातली माती ओली. मी म्हणायची, एक तर ताण देऊ नका, नाहीतर पुरा द्या. हे अर्धवट काय? अर्ध्या आजारानं झाडाला हिवाळा कळायचा नाही आणि उन्हाळाही कळायचा नाही. तुम्ही म्हणायचात, तुला काळीज न्हाई. मी म्हणायची, अंजीरवाल्यांना तरी कुठं आहे, त्यांची झाडं फळतात.

मग ठरल्या वेळेच्या आधीच तुम्ही मुळं झाकायचात. बिरू धनगर त्याची मेंढरं रानात बसवायचा, त्यांच्या लेंड्यांचं खत पडायचं, मोट चालायची, आणि माघात झाडं पुन्हा हिरवीगार व्हायची. पानांनी.

बदाम मिळाले नाहीत, डिंक मिळाला. खोडातून पिवळसर गोळे बाहेर यायचे, उन्हात चमकायचे. तुम्ही खूश. "आंगात रस हाय म्हून तर भाईर येतोय!" मला तो रस वाटत नव्हता, दुखऱ्या जागेतून काही वाहतं तसं वाटत होतं, आणि तसं मी बोललेही. पण फुकट जाऊ नये म्हणून आपल्या लेकीच्या, सोनीच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी लाडवांसाठी गोळा केला. बाभळीचा डिंक तुपात टाकला की फुलतो. हा नुसता तडतडला आणि तळाला चिकटून बसला. कढई भिजत घातली तर सकाळी तो पाण्यात फुगून कढईच्या वर आला होता, थलथलीत. तुम्ही त्यात बोट घालून चाटलंत आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "चव न्हाई, पन बरकत हाय." सोनी हसून हसून पोट धरून बसली. तिचे दिवस भरले होते; मला वाटलं, आता इथंच होतं सगळं.

आणि मग ते फुलाचं प्रकरण. ते भांडण आपण पुरं केलं नाही, म्हणून इथं लिहिते. सोनीच्या दुसऱ्या खेपेला मी किकवीला तिच्या सासरी गेले होते. परत आले तर तुम्ही वेशीपर्यंत सामोरे आलात, जे तुम्ही कधी करत नव्हतात. विहिरीकडच्या झाडाला फुलं आली होती म्हणालात. पांढरी, आत गुलाबी, आणि काल पडली. मी सामान घरात न टाकता तशीच रानात गेले. झाडाखाली काही नव्हतं. फांदीवर काही नव्हतं.

"देठ कुठं आहेत?" मी विचारलं. "फूल पडलं तरी फांदीवर काही खूण राहते."

"वारा सुटला हुता."

"वाऱ्यानं खूण पण नेली?"

तुम्ही भाऊजींना साक्षीला बोलावलंत. भाऊजी म्हणाले, म्या न्हाई बगितलं, म्या बाजाराला गेलो हुतो. मग बिरूला. बिरू म्हणाला, पांढरं कायतरी हुतं खरं, पर आमच्या कोकराची लोकर बी आसंल, लई आडकती फांदीला. मी तिथंच हसले. तुम्ही हसला नाहीत. त्या रात्रीपासून कित्येक दिवस बागेचा विषय माझ्यापुढं काढला नाहीत. नंतर कधीतरी, वर्षा दोन वर्षांनी, मीठ मागावं तसं सहज म्हणालात, "फुलं आली हुती गं." मी म्हटलं, बरं. ते बरं तुम्हाला पुरलं नाही हे मला दिसलं. पण न पाहिलेलं पाहिलं म्हणायची मला सवय नाही. अजूनही नाही. तुम्ही खोटं बोलणारे नव्हतात आणि झाडावर खूण नव्हती; या दोन गोष्टी मी किती वेळा शेजारी ठेवून बघितल्या, जुळत नाहीत.

या मार्गशीर्षात तुम्ही मुळं उघडी करत होतात तेव्हा कुदळ पायाच्या अंगठ्यावर आली. तुम्ही त्याच खड्ड्यातली मूठभर माती जखमेवर दाबलीत, पटक्याची चिंधी गुंडाळलीत आणि राहिलेली झाडं उघडी करूनच घरी आलात. रानातली जखम रानातल्या मातीनं बुजवायची ही आपल्याकडची रीत. मी चिंधी पाहिली आणि काही म्हटलं नाही. माझ्या पायाला लागलं असतं तर मीही तेच केलं असतं. अंगठा सुकत आला. मग एका सकाळी तुम्हाला भाकरी चावेना.

"वातड झालीया भाकर."

"भाकरीला नावं ठेवू नका. दाढ दुखत असेल तुमची."

हे आपलं शेवटचं बोलणं. दुपारपर्यंत धनुर्वातानं जबडा मिटला होता. गाडी जुंपून भोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय बघितला, तोंड बघितलं आणि भाऊजींना बाहेर बोलावलं. मला बोलावलं नाही, त्यावरून मला कळलं.

तिथं मी तुम्हाला एकच विचारलं. दुसऱ्या बाईनं दुसरं काही विचारलं असतं, मला तेच सुचलं. मुळं कधी झाकायची, हे तुम्ही दर वर्षी सालीकडे बघून ठरवायचात आणि काय बघता ते मला कधी सांगितलं नव्हतंत. मी म्हटलं, "मुळं लगेच झाकायची असली तर डोळे मिटा." तुम्ही मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिलात. ते उत्तर होतं, की माझं ऐकूच आलं नव्हतं, की तुम्हाला मला नुसतं बघायचं होतं, मला ठरवता आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग झटका आला आणि डॉक्टरांनी मला उठवलं.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला होता, पण खाली उतरेना. तुम्हाला माहीत आहे लोक काय करतात. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते एकेक बोलून बघतात, वचन देतात, आणि योग्य ते वचन दिलं की कावळा शिवतो. भाऊजी हात जोडून उभे राहिले.

"दादा, सोनीचं म्हायेर तुटू देनार न्हाई."

कावळा जागचा हलला नाही.

"वैनीला आंतर देनार न्हाई."

कावळ्यानं चोच फांदीला पुसली.

"बैलांचं बोल," मागून कोणीतरी म्हणालं.

"बैल इकनार न्हाई, दादा."

तेवढ्यात पाटलांच्या घरचे म्हातारे वैतागले. "आरं, बागंचं बोल की! आख्ख्या गावाला ठावं हाय जीव कुटं आडकलाय, तुलाच तेवडं न्हाई!"

घेवड्याचं रान डोळ्यांपुढून जाताना मला भाऊजींच्या चेहऱ्यावर दिसलं. पण बोलले बिचारे. "बाग राखतो, दादा. माजी कुराड झाडाला लागनार न्हाई."

कावळ्यानं फांदीवर उडी मारली आणि पाठ केली. कोणाला तरी हसू आलं, त्यानं ते खोकल्यात घातलं. मग बिरू धनगर पुढं झाला. "मुळं उगडी हायती त्यांची. त्येच आसंल. वैनीस्नी बोलवा."

मला बायकांतून पुढं आणलं. ऊन चढलं होतं, सकाळपासून पोटात पाणी नव्हतं, आणि सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हटलं, "मुळं उद्या झाकते." कावळा उडून पलीकडच्या झाडावर गेला. तेव्हा मला राग आला. कावळ्याचा आला की तुमचा, सांगता येत नाही. जन्मभराचं भांडण आणि आता तेही कावळ्याच्या मध्यस्थीनं! मी मोठ्यानं म्हटलं, "बरं, नाही झाकत. एकदा पुरा ताण होऊ दे. तुम्हीही बघा, मीही बघते."

कावळा सरळ खाली आला आणि भाताला चोच लावली.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. म्हातारे म्हणाले, "बगा, पुरा ताण म्हनतोय त्यो." मला ते पटलं नाही. जिवंतपणी तुम्ही एकदाही पुरा ताण दिला नाहीत, मेल्यावर दहा दिवसांत मत कशाला बदलाल? कावळ्याला भूक लागली होती, इतकंच. पण दहाव्याला गावापुढं बोललेलं मागं घेता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मला ते मागं घ्यायचंही नव्हतं. इतकी वर्षं मी सांगत होते तसं एकदा होऊन जावं, असं मला वाटत होतं.

मग मी ताण दिला. रोज सकाळी जाऊन बघून यायची. पानं आधी वळली, मग पिवळी पडली, मग गळली. मुळं उन्हात उघडी, वर राखी रंगाचा फुफाटा. तुम्ही सालीत काय बघत होतात ते मी शोधत होते. बोटानं दाबून बघितलं, वास घेतला, कान लावला म्हटलं तरी चालेल. साल मला काही सांगेना. भाऊजी एकदा मागोमाग आले.

"वैनी, झाका आता. दादा आसता तर..."

"तुमचे दादा असते तर चोरून पाणी घातलं असतं."

"मग आपुन घालू चोरून."

"कोणापासून चोरून?"

भाऊजी बांधावर बसले आणि पटक्यानं तोंड पुसायला लागले. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी घरी निघून आले. दोघांनी रानात बसून रडण्यात काही अर्थ नव्हता आणि दुपारचा स्वयंपाक व्हायचा होता.

पौष संपला तेव्हा मी मुळं झाकली. अंजीरवाले जितके दिवस थांबतात तितके थांबले, एक दिवस कमी नाही आणि जास्त नाही. बिरूनं मेंढरं बसवली. या खेपेला त्याचा मोबदला म्हणून त्यानं धान्य घेतलं नाही, म्हणाला, पुडल्या वर्षी घिऊ. भाऊजींनी मोट धरली. खत, माती, पाणी, सगळं जसंच्या तसं. माघ लागला. बांधावरच्या निंबाला तांबूस पालवी आली. पळस फुलला. बागेत काही हललं नाही. मी म्हटलं, पुरा ताण आहे, उठायला वेळ लागणारच. पंधरवडा गेला. मग मी नखानं साल खरवडली. आत हिरवं असायला पाहिजे, ते तपकिरी होतं. दुसरं झाड खरवडलं, तिसरं. विहिरीकडचं सगळ्यात शेवटी. तेही तसंच.

त्या झाडाच्या बुंध्याशी मी स्वतः खणलं. वर दिसणारी जाड मुळं ठीक दिसत होती. त्यांच्या खाली हात घातला तर मुळाची साल मोजा निघावा तशी हातात आली. आत काळं, मऊ, आणि नासक्या पाण्याचा वास. हे महिन्या दोन महिन्यांत होत नाही. कित्येक पावसाळे ती मुळं पाण्यात बसली असणार, आणि वर दर वर्षी कुदळीनं त्यांची बारीक मुळं तुटत असणार. खोडातून वाहत होतं ते यामुळेच वाहत असावं. म्हणजे तुमचं लवकर पाणी आणि माझा पुरा ताण, दोन्ही सारखंच फुकट होतं. इतकी वर्षं आपण जमिनीच्या वर भांडत होतो.

का माझ्या ताणानंच गेली? भाऊजींना तसं वाटतं. ते बोलत नाहीत, पण मला वाढताना दिसतं. कुजलेल्या मुळांवरही ती पानं धरून होती, हेही खरं आहे. तुम्ही घागरीनं हात धुवायला जात राहिला असता तर आणखी चार वर्षं धरून राहिली असती. बदाम लागले नसते, पण झाडं असती. मी याचा हिशेब लावायचा प्रयत्न केला. लागत नाही. तुम्ही असता तर तुम्ही एक म्हणाला असता, मी दुसरं म्हटलं असतं, आणि मधे कुठंतरी खरं काय ते राहिलं असतं. एकटीनं म्हटलं की दोन्ही बाजू माझ्याच होतात आणि मी दोन्हीकडून हरते.

गावानं वेगळंच ठरवलं आहे. दादानं झाडं बरोबर नेली, म्हणतात. बायका मला हे समाधान म्हणून सांगतात. मी त्यांना सांगते की त्यांना न्यायचीच असती तर हिरवी नेली असती. तुम्ही वाळकं लाकूड घेऊन कुठं जाणारे माणूस नव्हतात.

आता वाळकी झाडं उभी आहेत आणि रान अडलं आहे. भाऊजी कुऱ्हाड लावायला तयार नाहीत, कारण दहाव्याला बोलले. यावर पारावर वाद झाला म्हणे. एकाचं म्हणणं, त्या वचनाला कावळा शिवलाच नाही, तर ते वचन लागू कसं? दुसऱ्याचं म्हणणं, दिलं ते दिलं. पाटलांच्या घरचे म्हातारे म्हणाले, "मेलेल्या झाडाला राखायचं म्हंजे करायचं काय? राखन ठेवायची?" तरी भाऊजी हटेनात. गडी सांगितला तर गडीही येईना. मेलेल्या माणसाच्या जिवाचं झाड, नको म्हणाला. मग मी कुऱ्हाड घेतली. मी कुऱ्हाडीचं वचन दिलं नव्हतं, मुळांचं दिलं होतं, आणि ते पाळलं होतं.

रोज एक झाड तोडते. लाकूड कठीण आहे, मनगटं भरून येतात. पहिल्या दिवशी भाऊजी बांधापर्यंत आले, उभे राहिले आणि परत गेले. दुसऱ्या दिवशी आले ते मोळी बांधायची दोरी घेऊन. तोडणार नाही, पण वाहीन म्हणाले. आम्ही दोघं ती घरी आणतो. लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, सरपणालाही सगळीकडे ओढ आहे, तरी शेजारणींपैकी कोणी एक फाटं मागितलं नाही. म्हणून सगळं आपल्याच चुलीला जाणार.

पावसाळ्यात तिथं घेवडा पेरायचा ठरलं आहे. पाणी साचू नये म्हणून आधी चर काढून घेणार आहे. पौषात त्या बाजूला जायचं मला आता काही कारण राहणार नाही. जेवताना कोणाशी वाद घालायचा राहणार नाही. ते कसं निभवायचं याचा मी अजून विचार केलेला नाही; केला तर काही सुचेल असं वाटतही नाही.

काल पहिल्यांदा त्यातलं एक लाकूड चुलीत घातलं. चांगलं जळतं. धूर होत नाही, निखारा बराच वेळ टिकतो, एका लाकडावर सकाळचा सगळा स्वयंपाक झाला. या झाडाबद्दल तुम्हाला सांगावं असं एवढं एकच चांगलं मला सापडलं, म्हणून सांगितलं.